पाचशेच्या दोन नोटांत मुंबई

मुलांची फुफी मेलबर्नला असते. डिसेंबरची सुट्टी लागली आणि एके दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला. ऑस्ट्रेलियात त्या वेळी उन्हाळा असतो. ती मुलांना घेऊन शहरात फिरायला निघाली होती आणि ट्राममधूनच आमच्याशी बोलत होती. आम्ही सहज विचारले, "एवढ्या महागड्या शहरात रोज फिरणे परवडते कसे?" ती हसली. म्हणाली, "भाभी, या ट्रामला तिकीटच नाही!"

मग तिने सांगितले ते ऐकून आम्ही चकित झालो. मेलबर्नच्या मध्यभागात २०१५ सालापासून ट्रामचा प्रवास मोफत आहे. त्या हद्दीत कितीही वेळा चढा, कितीही वेळा उतरा. तिथली सरकारी लायब्ररी १८५६ साली उघडली. तिच्या मोठ्या घुमटाखालच्या वाचनकक्षात कोणीही जाऊन बसू शकतो, फी नाही. नॅशनल गॅलरीचा कायमचा संग्रह पाहायला पैसे पडत नाहीत. नदीच्या पलीकडची वनस्पती बाग मोफत आहे. फुफी घरून डबा घेते, पाण्याच्या बाटल्या भरते आणि सकाळी निघून संध्याकाळी परतते. हॉटेलात एक वेळ जेवायचे तर जेवढे पैसे लागतील, त्यापेक्षा कमी खर्चात सगळ्यांचा दिवस मजेत जातो. "इथे येणारे पाहुणे पहिले दोन दिवस तिकिटे काढून दमतात. तिसऱ्या दिवशी आमच्याबरोबर डबा घेऊन निघतात," असे ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर आमच्या आठ वर्षांच्या मुलाने विचारले, "आपण कधी जाणार?"

आम्ही कामोठ्यात राहतो. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, तो आमच्यापासून फार लांब नाही. पण विमानतळ जवळ आला म्हणून विमानाचे तिकीट जवळ येत नाही. फ्लॅटचा हप्ता, दोन शाळांच्या फिया, अम्मींची औषधे, एवढे झाले की महिन्याच्या शेवटी हाताशी फारसे काही उरत नाही. मुलाला काय सांगावे, ते सुचेना. तेवढ्यात अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "ऑस्ट्रेलिया राहू द्या. आम्ही मुंबई तरी कुठे पाहिली आहे?"

तिचे बोलणे लागले. आम्हा दोघांपैकी एकाला रोज सकाळी मुंबई गाठावी लागते. जाताना उभे, येताना उभे. मुलांसाठी मुंबई म्हणजे अब्बांना सकाळी घेऊन जाणारे आणि रात्री दमवून परत पाठवणारे एक ठिकाण. स्वस्त घर मिळते म्हणून आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे खाडी ओलांडून इकडे आली. शहर पाहायला मात्र पुन्हा त्या बाजूला गेली नाहीत. आम्ही ठरवले, फुफीच्या पद्धतीने आपणही मुंबई पाहायची. पाचशेच्या दोन नोटा वेगळ्या काढल्या आणि त्याच्या बाहेर जायचे नाही, असे मुलांसमक्ष ठरले.

रविवार टाळला. हार्बर मार्गावर रविवारी मेगाब्लॉक असतो, हे इकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. शनिवारी सकाळी मानसरोवर स्टेशनवर आलो. तीन पूर्ण तिकिटे, दोन अर्धी. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना अर्धे तिकीट लागते आणि पाच वर्षांखालच्यांना लागतच नाही. जाण्यायेण्याचा सगळ्यांचा खर्च दोनशेच्या आत बसला. गाडी पनवेलहून येते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर मानसरोवरला जागा मिळते. मुलांना खिडकी मिळाली. वाशीच्या खाडीवर गाडी आली तेव्हा मुलगा दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "अब्बा, तुम्ही रोज तिथेच उभे असता का?" हो म्हटल्यावर तो बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिला.

सव्वा तासात शेवटची स्टेशने आली. मस्जिद स्टेशनचे नाव वाचून मुलीने विचारले, "कुठली मशीद?" याचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. हे नाव ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून पडले, असे सांगतात. बेने इस्रायल समाजाचे सिनेगॉग १७९६ साली जवळच बांधले गेले आणि लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. हा समाज मूळचा आपल्या रायगडचा. घरात मराठी बोलणारा, पूर्वी तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी काम बंद ठेवणारा, म्हणून शनवार तेली. पनवेलमध्येही त्यांचे सिनेगॉग आहे. मुलीला हे नवे होते. अम्मींना नव्हते. त्यांच्या लहानपणी गावात ज्यू शेजारी होते.

सीएसएमटीला उतरल्यावर घाई न करता आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. रोज जाणाऱ्यालाही ही इमारत नीट पाहायला सवड मिळालेली नव्हती. १८८८ साली पूर्ण झालेले हे स्टेशन २००४ पासून जागतिक वारसा आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. भिंतींवर कोरलेले प्राणी-पक्षी मोजता मोजता मुलांची पंधरा मिनिटे गेली.

तिथून एनसीपीएकडे जाणारी ए-११५ क्रमांकाची एसी डबलडेकर घेतली. जुन्या लाल डिझेल डबलडेकर २०२३ मध्ये बंद झाल्या, त्याच वर्षी या विजेवरच्या सुरू झाल्या. मे २०२५ पासून बेस्टचे भाडे वाढले आहे. तरी पहिल्या पाच किलोमीटरला साध्या बसचे १० आणि एसी बसचे १२ रुपये म्हणजे रिक्षापेक्षा खूपच कमी. वरच्या मजल्यावर सर्वांत पुढची सीट मिळाली. मेलबर्नच्या ट्रामचे नाव त्यानंतर दिवसभर कोणी काढले नाही.

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून आम्ही चहा प्यायलो. मग हळूहळू चालत ओव्हल मैदानाकडे आलो. मैदानात क्रिकेटचे कितीतरी डाव एकाच वेळी चालू होते. कोणाचा चेंडू कोणाच्या खेळात जातो, ते त्यांनाच ठाऊक! एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या दगडी इमारती, समोर गोल कडांच्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये हा सगळा परिसर जागतिक वारसा ठरला. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ साली पूर्ण झाला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. आईला दिसत नसे, घंटेवरून वेळ कळावी म्हणून लेकाने मनोरा बांधला, असे सांगतात. हे ऐकून अम्मींनी आमच्यातल्या एकाकडे असे काही पाहिले की सगळे हसलो.

काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून सर्वांना मोफत खुली आहे. आत जाताना आम्हालाच थोडा संकोच वाटला. आपले इथे काय काम, कोणी हटकेल का, असे वाटत होते. कोणी हटकले नाही. उलट एका चित्रकाराने मुलीला जवळ बोलावून रंग कसा पातळ करतात, ते दाखवले. हा संकोच आपल्या घरांमध्ये फार असतो. पैशाच्या अडचणीपेक्षा या संकोचामुळेच जास्त वेळा आपण दारातून परत फिरतो, असे आता वाटते.

पुढे गेटवे. राजा पंचम जॉर्जच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून ठरलेले हे दार १९२४ मध्ये पूर्ण झाले आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच दारातून निघून गेली. घारापुरीच्या लाँच समोर सुटत होत्या. मुलाने हट्ट केला. आम्ही नाही म्हटले आणि का, तेही सांगितले. त्याचा चेहरा उतरला, तेव्हा आम्हालाही वाईट वाटले. कमी पैशातल्या सहलीत असा एखादा क्षण येतोच, तो लपवण्यात अर्थ नाही.

दुपारचा डबा हॉर्निमन सर्कलच्या बागेत उघडला. तांदळाच्या भाकरी, सुके मटण, कांदा आणि संत्री. झाडांची दाट सावली आणि समोर टाउन हॉलच्या रुंद पायऱ्या. बागेला ज्यांचे नाव आहे, ते बेंजामिन हॉर्निमन 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते. इंग्रज असून हिंदुस्थानच्या बाजूने लिहिले म्हणून सरकारने त्यांना १९१९ मध्ये देशाबाहेर काढले. पुढे त्याच वृत्तपत्राचे संपादन सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी वर्षानुवर्षे केले. मुलांच्या पुस्तकात ही नावे नाहीत. बागेत जेवताना ती सांगता आली.

जोहरच्या वेळी मात्र अडचण आली. कामोठे ते मुंबई अंतर पन्नास किलोमीटरच्या आत, त्यामुळे कसरचा प्रश्न नव्हता, नमाज पूर्णच अदा करायची होती. जवळच्या एका मशिदीत गेलो. पुरुष आत गेले. अम्मी आणि मुलगी दारात थांबल्या. बायकांसाठी जागा नाही, असे उत्तर मिळाले. बोलणारा माणूस सौम्य होता, त्याच्या हातात काही नव्हते. अम्मी काही न बोलता बागेत परतल्या, बाटलीतल्या पाण्याने वुजू केला आणि झाडामागे जानमाज अंथरली. मुलीने शेजारी ओढणी पसरली. नंतर तिने विचारले, "फुफीकडे तर मशिदीत बायकांची वेगळी खोली आहे. इथे का नाही?"

मक्का-मदिनेत बायका मशिदीत नमाज अदा करतात. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितले की, स्त्रियांना मशिदीत येऊन नमाज अदा करण्यास मनाई नाही. मग बाजाराच्या, स्टेशनच्या आसपासच्या मशिदींत प्रवासी बायकांसाठी एक पडदा, एक नळ आणि दोन चटयांची जागा काढणे खरेच इतके अवघड आहे का? आमच्या हिशोबात या गोष्टीला रुपया लागला नाही, पण दिवसभरात सर्वांत जड तीच गेली. विश्वस्तांपैकी कोणी हे वाचत असतील, तर त्यांनी जरूर विचार करावा.

दुपारनंतर बसने क्रॉफर्ड मार्केटला आलो. १८६९ ची ही मंडई आता महात्मा फुले मंडई. फळांचे ढीग आणि मसाल्यांचा वास यात फिरायला पैसे लागत नाहीत. जवळच जामा मशीद. १८०२ साली पूर्ण झालेली ही मशीद जुन्या तलावावर उभी आहे. खाली पाण्याचा मोठा हौद, त्यात मासे, आणि कमानींवर तोललेली वरची मशीद. ती उभी करण्यात आणि सांभाळण्यात कोकणी मुसलमानांचा मोठा वाटा आहे. गलबतांवरून व्यापार करणाऱ्या नाखुदांनी या शहरात अशा कितीतरी गोष्टी उभ्या केल्या. आपलीच बोली बोलणारी ती माणसे, हे कळल्यावर मुलांची चालच बदलली.

पण अम्मी थांबल्या त्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासमोर. त्यांचे आईवडील हजला जहाजाने गेले होते. १९९५ पर्यंत मुंबईहून हजची जहाजे सुटत. गावोगावचे हाजी आठ-आठ दिवस आधी येऊन इथे उतरत. सहा-सात वर्षांच्या अम्मी निरोप द्यायला आल्या होत्या. "अब्बाजानच्या कमरेला पैशाचा पट्टा होता. ते रात्री तीन वेळा मोजायचे," त्या म्हणाल्या. "तेव्हाही आम्ही मोजूनच मुंबई पाहिली होती." मग हळूच पुढे बोलल्या, "त्यानंतर इथे आज आले."

कामोठ्याहून सव्वा तासाचा रस्ता. आणि अम्मींना तिथे यायला सारे आयुष्य लागले. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो.

असरनंतर दोन ग्लास फालुदा पाच जणांत वाटून घेतला आणि परतीची गाडी धरली. रात्री मुलीने वहीत हिशोब लिहिला. गाडी, तीन बस, चहा, फालुदा, अम्मींनी मंडईतून घेतलेले खजूर, सगळे मिळून साडेसातशेच्या आत. उरलेले पैसे मुलाने डब्यात टाकले आणि वर चिठ्ठी चिकटवली : 'लाँच'.

त्याची लाँच आम्ही ठरवली आहे. डॉकयार्ड रोडला उतरून भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँच जाते, ती घारापुरीपेक्षा स्वस्त पडते. उरणहून परत यायला जानेवारी २०२४ पासून लोकल आहे. त्याआधी भायखळ्याची राणीची बाग. आईवडील आणि दोन मुले अशा चौघांना १०० रुपये, बुधवारी बंद. हाजीअलीला जायचे तर भरती-ओहोटीची वेळ आधी पाहावी, भरतीत तिथली वाट पाण्याखाली जाते.

इसराफ टाळा, असे आपण घरात नेहमी सांगतो. पण हात आखडून घरच्यांना चार भिंतींत ठेवणे म्हणजे काटकसर नव्हे. जमिनीवर फिरा आणि पाहा, ही शिकवणही आपलीच आहे. घरात कोणी म्हातारे माणूस असेल, तर एकदा विचारून पाहा, तुम्हाला कुठे जायचे राहिले आहे? बहुतेक वेळा ते ठिकाण ऑस्ट्रेलियात नसते.