साहित्यातले शब्द : पाठ करायचे की वापरायचे?



“कथानक म्हणजे काय?” असं नववीच्या वर्गात विचारलं की गाइडमधली व्याख्या धाडधाड येते. पण कालच वाचलेल्या गोष्टीचं कथानक सांग म्हटलं, की मुलं अख्खी गोष्ट पहिल्यापासून सांगू लागतात. शब्द पाठ आहे, पण हाताशी नाही. मग कुठल्याही पाठावर मुलांचं मत एकच : “छान आहे.” जे वाटलं ते सांगायला शब्दच नसले, तर मूल गप्प बसतं. माझ्या मते खरं नुकसान हेच, गुणांचं नव्हे.

कथा

घटना एकामागून एक सांगितल्या की गोष्ट होते. त्या ‘म्हणून’ने जोडल्या की कथानक दिसू लागतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) घ्या. पाऊस पडत नाही, म्हणून चारा-पाणी संपतं, म्हणून धनगर वाडी सोडून निघतात. वर्गात मी फळ्यावर घटना लिहितो आणि मुलांना मधले ‘म्हणून’ भरायला सांगतो. जिथे ‘म्हणून’ अडतो, तिथे ‘पण’ येतो. त्या ‘पण’पाशीच बहुतेक वेळा संघर्ष सापडतो.

दुसरा शब्द निवेदक. ‘बनगरवाडी’ लिहिली माडगूळकरांनी, पण सांगतो वाडीवर आलेला तरुण मास्तर. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात त्यांच्या लहानपणच्या आठवणी आहेत, तरी रात्रीमागून रात्र बोलतो तो श्याम. लेखक आणि निवेदक जवळ असतील, दूर असतील, पण ते एक धरून चालायचं नाही. ‘हीच गोष्ट आईने सांगितली असती तर?’ एवढं विचारून बघा, मुलं लगेच बोलू लागतात.

कविता

यमक मुलांना कानाने कळतं, तिथे फार थांबावं लागत नाही. अडतं ते उपमा आणि रूपकापाशी. एकदा मी विचारलं, “आईचे हात कसे आहेत?” ‘फुलासारखे’, ‘लोण्यासारखे’ अशी ठरलेली उत्तरं आली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “खराट्यासारखे.” वर्ग हसला. मी विचारलं, “का रे?” तो म्हणाला, “पहाटेपासून बाजार झाडते ना. खरखरीत झालेत.” वर्ग एकदम शांत.

तेच वाक्य फळ्यावर घेतलं. हात हे उपमेय, खराटा हे उपमान, खरखरीतपणा हा समान गुण, आणि ‘सारखे’ हा साम्य दाखवणारा शब्द. मग ‘सारखे’ पुसून लिहिलं, “आईचे हात म्हणजे खराटाच.” झालं रूपक. कुठलं जास्त चांगलं? बरीच मुलं म्हणाली, दुसरं, ते जोरदार आहे. तो मुलगा मात्र म्हणाला, “सर, ‘सारखे’ राहू द्या. ती खराटा नाहीये.”

उपमा आणि रूपकातला फरक याहून नेमका मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. उपमा दोघांत अंतर ठेवते, रूपक ते पुसून टाकतं. त्या पोराला ते अंतर हवं होतं.

नाटक

नाटकात निवेदक सहसा नसतो. त्याचं काम संवाद आणि रंगसूचना करतात. “जेवायला ये” एवढं एकच वाक्य तीन मुलांना द्या, आणि कंसात वेगवेगळ्या सूचना लिहा : (चिडून), (दमून), (डोळे पुसत). शब्द तेच, नाटक तीन. स्वगत शिकवायला शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ (1970) आहेच. पात्र स्वतःशी बोलतं आणि ऐकतो प्रेक्षक. नेपथ्य या शब्दाची एक गंमतही सांगावी. संस्कृत नाटकात ती पडद्यामागची जागा, आज आपण रंगमंचावरच्या मांडणीला नेपथ्य म्हणतो.

पालकांना एकच विनंती. घरी व्याख्या म्हणून घेऊ नका. तीन प्रश्न विचारा : गोष्ट कोण सांगतंय? कुणाला काय हवंय आणि आड काय येतंय? हा एक शब्द पुसला तर काय जाईल? उत्तर चुकलं तरी चालेल, मूल बोलतं झालं पाहिजे. व्याख्या मागाहून येतात, आणि मग त्या विसरत नाहीत.