मीठ की प्रथिन?

तीन आठवडे वाट पाहिल्यावर थेंबात स्फटिक उगवला होता. धारदार कडा, लखलखीत अंग. सूक्ष्मदर्शकाखाली सुईचं टोक लावलं तर कडक लागलं आणि तो टणकन बाजूला उडाला. मीठ! प्रथिनाचा स्फटिक एवढा ताठ नसतो. त्यात साधारण निम्मं पाणीच असतं, टोचला की खव्यासारखा विस्कटतो. तेव्हापासून फार देखणा स्फटिक दिसला, की मी आधी संशय घेते.

आमचं काम पटकीच्या विषाचं. आजी ‘पटकी’ हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणायची. मी मात्र हे विष, म्हणजे एक प्रथिनच, मायक्रोलिटरमध्ये मोजते. काचेच्या चकतीवर एक थेंब त्याचा, एक पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा. चकती उलटी करून ग्रीस लावलेल्या खळग्यावर बसवायची. थेंबातलं पाणी वाफ होऊन हळूहळू खळग्यातल्या द्रावणात जातं. घाईनं आटला तर फाटलेल्या दुधासारखा साका, सावकाश आटला तर कधीतरी स्फटिक.

रोग जंतूचा, पण घात विषाचा, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं. जंतू गाळून काढलेलं द्रावण सशाच्या आतड्यात सोडलं, तरी आतडं पाण्यानं फुगलं. याच विषाचा सख्खा भाऊ, ई. कोलाय या जंतूचं विष, कसं दिसतं हे १९९१ साली ग्रोनिंगनमध्ये विम हॉल यांच्या गटानं उलगडलं. पाच सारख्या तुकड्यांचं कडं, सदाफुलीच्या पाकळ्यांसारखं. मधल्या भोकातून सहाव्या तुकड्याची शेपटी ओवलेली. पटकीच्या विषाचाही घाट हाच. पाकळ्या आतड्याच्या पेशीवरची साखर धरतात, सहावा आत शिरतो आणि नळ सुरू करून चावीच मोडून टाकतो. मग पेशीतून क्षार आणि पाणी वाहतच राहतं.

पाकळ्या एकट्या निरुपद्रवी. तोंडावाटे घ्यायच्या एका लशीतही त्या असतात. मी त्यांच्यावरच काम करते. साखर बसते त्या खोबणीत आधीच जाऊन बसेल असा रेणू हवाय. तो नेमका कसा बसलाय हे क्ष-किरणांनाच विचारावं लागतं, आणि त्यांना स्फटिकच लागतो.

आज सकाळी २४ खळग्यांच्या ताटलीत सातव्यात काहीतरी चमकलं. कडा जराशा बोथट आहेत, रूपही बेताचंच. म्हणून सुई अजून लावलेली नाही.