आत्याचा छोटा लॅपटॉप

माझी आत्या बडोद्याला राहते. दांडिया बाजारातलं जुनं घर, दिवाणखान्यात झोपाळा आणि झोपाळ्यावर मांडीत लॅपटॉप घेऊन बसलेली आत्या, हे दृश्य आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचं आहे. लॅपटॉप अगदी छोटा, दहा इंची पडद्याचा. 2010 साली शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने तो स्वतःच्या पैशांनी घेतला. तेव्हापासून ती त्यावर आठवणी लिहिते. मिरजेचं माहेर, आजीचे पदार्थ, शाळेतली पोरं. 212 पानं झाली होती.

गेल्या दिवाळीत, वसुबारसेला मी अहमदाबादहून तिच्याकडे गेले. फराळाच्या आधी तिने लॅपटॉपच पुढे केला.

"बघ गं, सुरू व्हायला चार मिनिटं लागतात. बँकेचं पान तर उघडतच नाही. दुकानदार म्हणाला, भंगारात द्या."

"मग नवा घेऊ या ना, आत्या."

"नवा मांडीवर मावेल का? आणि माझी बोटं त्याला ओळखतील का?"

बोटांचा प्रश्न खरा होता. आत्या विशीत असताना टाइपरायटरवर मराठी टायपिंग शिकली. रेमिंग्टनची ती मांडणी तिच्या बोटांत इतकी मुरली आहे की ती बटणांकडे बघतही नाही.

मी लॅपटॉप तपासला. ॲटम प्रोसेसर, एक जीबी रॅम आणि विंडोज 7. या विंडोजचे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 रोजीच थांबले. पुढे ब्राउझरच्या नव्या आवृत्त्याही त्यावर येईनाशा झाल्या, म्हणून बँकेचं पान अडत होतं. विंडोज 10 टाकावं, तर त्याचीही मुदत त्याच आठवड्यात, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली होती. विंडोज 11 ला निदान चार जीबी रॅम लागते आणि हा लॅपटॉप दोनच्या पुढे जातच नाही. राहिलं लिनक्स.

जुन्या, अशक्त यंत्रांसाठी लिनक्सचे हलके प्रकार मुद्दाम बनवलेले आहेत. त्यांतलं अँटीएक्स मी निवडलं. ते मोफत आहे आणि आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, लॅपटॉपमधल्या कशालाही धक्का न लावता. वायफाय लागलं, आवाज आला, बटणं चालली. मग मी दोन खर्च केले. वापरलेली दोन जीबीची रॅम आणि एक छोटी एसएसडी. जुनी हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली. आत्याच्या फाइली त्याआधीच पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या.

पहिली अडचण आली ती छोट्या पडद्याची. इन्स्टॉल करताना खिडकी इतकी उंच उघडली की 'पुढे'चं बटण पडद्याच्या खालीच राहिलं. ऑल्ट दाबून धरलं की खिडकी माउसने कुठूनही पकडून वर सरकवता येते, हे आठवलं आणि काम पुढे गेलं. संध्याकाळपर्यंत लॅपटॉप पाऊण मिनिटात सुरू होऊ लागला. बँकेचं पानही उघडलं. मी खूश होऊन आत्याची फाइल उघडली.

पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी. 212 पानं, सगळी तशीच.

आत्याने चष्मा लावून पाहिलं. काही बोलली नाही. झोपाळा मात्र थांबला.

माझ्या पोटात गोळा आला. पण थोड्या वेळाने डोकं चालू लागलं. आत्या कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये लिहायची. त्या काळच्या अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरं खऱ्या अर्थाने साठवली जातच नसत. 'भारत' लिहिलं तर फाइलमध्ये एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवतो. मी फाइली आणल्या होत्या, मुखवटा मागेच राहिला होता.

कपाटातली हार्ड डिस्क यूएसबीच्या डबीत घालून जोडली. विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमधून कृतिदेव उचलला, नव्या प्रणालीत ठेवला, फाइल पुन्हा उघडली. पहिल्याच पानावर आजीचं नाव दिसलं.

"आली," आत्या म्हणाली, आणि झोपाळा पुन्हा हलला.

आता कळलं, की इतकी वर्षं आत्या आम्हाला छापील कागदच का पाठवायची. फाइल पाठवली तर आमच्या फोनवर हीच खिचडी दिसली असती. म्हणून मी सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलायला घेतला. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ते कुठल्याही फोनवर वाचता येतं. शिवाय लिनक्समध्ये युनिकोडसाठीही रेमिंग्टनची मांडणी मिळाली. आत्याच्या बोटांना फारसं नवं शिकावं लागलं नाही.

बदललेला मजकूर मात्र तपासावा लागतो. तो आत्या झोपाळ्यावर बसून मोठ्याने वाचायची आणि मी दुरुस्त करायची. एका जागी ती अडखळली आणि हसत सुटली. शाळेच्या सहलीत आचाऱ्यांनी भात करपवला होता, तो यंत्राने आचार्यांच्या नावावर टाकला होता! सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्याही झाला होता.

हा लॅपटॉप काही तरुण झालेला नाही. ब्राउझरमध्ये एका वेळी एकच पान उघडायचं, व्हिडिओ फोनवर बघायचे, हे आत्याने मान्य केलं आहे. तिला लिहायचं आहे, बँकेचं काम करायचं आहे आणि मेल पाठवायची आहे. एवढ्याला तो पुरतो. तुमच्या घरात असा लॅपटॉप पडून असेल, तर भंगारात देण्याआधी पेनड्राइव्हवरून एकदा चालवून बघा. फक्त फाइलींबरोबर फॉन्टही जपून ठेवा, आणि सगळं नीट उघडतंय याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नका. ती तशीच ठेवली म्हणून मी त्या संध्याकाळी वाचले.

भाऊबीजेपर्यंत पहिली वीस पानं तपासून झाली. माझे बाबा हैदराबादला माझ्या भावाकडे असतात. त्यांना प्रवास झेपत नाही, म्हणून ओवाळणं राहिलं होतं. आत्याने ती वीस पानं त्यांना मेल केली. तासाभराने बाबांचा फोन आला. आवाज जरा जड होता.

"फोनवर अक्षर मोठं करून सगळं वाचलं. पण आईच्या पितळी डब्याबद्दल तू चूक लिहिलंयस. त्याला पोचा मांजराने नाही पाडला. मी पाडला होता."

"पासष्ट वर्षांनी सांगतोयस?" आत्या ओरडली. "त्या मांजराला मी केवढं बदडलं होतं!"

फोन ठेवून तिने लॅपटॉप मांडीवर ओढला आणि ते वाक्य दुरुस्त करायला घेतलं.