आमचे तंबू

१९९१ साली आमच्या शाळेच्या स्काउट पथकाने चार तंबू घेतले. शाळा मालेगावची. यंत्रमागांवर काम करणाऱ्या पालकांनी पाच-पाच, दहा-दहा रुपये वर्गणी दिली होती. मी तेव्हा आठवीत होतो.

तंबू जाड सुती कापडाचे होते. शाळेचे शिपाई पूर्वी एका मंडपवाल्याकडे काम करीत. त्यांना आम्ही चाचा म्हणत असू. त्यांनी नवे तंबू मैदानात उभे केले आणि त्यांवर बादल्या भरभरून पाणी ओतले. आम्ही पाहतच राहिलो.

"चाचा, नवे कापड का भिजवता?" मी विचारले.

"बेटा, सूत पाणी पिऊन फुगते. मग विणीतली भोके बुजतात."

खरेच, पहिल्यांदा आत पाणी ठिबकले. तंबू वाळवून पुन्हा भिजवला, तेव्हा ठिबकणे पुष्कळ कमी झाले. मात्र ओल्या कापडाला आतून सामान टेकले, की तेथून पाणी झिरपते. म्हणून आमची अंथरुणे नेहमी मधोमध असत.

रात्री झोपण्यापूर्वी चाचा प्रत्येक दोरी थोडी सैल करीत. सुती दोरी भिजली की आखडते. ती ताठ बांधलेली असेल, तर मेख उपटते किंवा कापड फाटते. नायलॉनच्या तंबूचे उलटे असते. तो भिजला की सैल पडतो आणि पुन्हा ताणावा लागतो.

'मेख' हा शब्द उर्दूत आहे, तसाच मराठीतही आहे. मराठीत 'खरी मेख येथेच आहे' असेही म्हणतात. म्हणजे खरी अडचण येथेच आहे. आमच्या तंबूंची खरी मेख होती दव! डिसेंबरच्या शिबिरात सकाळी कापड ओलेचिंब असे. ओले कापड दोन-तीन दिवस गुंडाळून ठेवले, तर त्याला बुरशी लागते. काळे डाग पडतात, कुबट वास येतो आणि सूत कुजते.

एका वर्षी ट्रकवाला ऊन येईपर्यंत थांबायला तयार होईना. तंबू ओलेच बांधावे लागले. आम्ही घरी जाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो, तर व्हरांड्यात खांबाखांबांना दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर चारही तंबू पसरलेले! चाचा रात्रभर ते उलटेपालटे करीत होते. त्यांचे डोळे लाल झाले होते. "वर्गणी पुन्हा पुन्हा कोण देणार?" एवढेच ते म्हणाले.

ते तंबूला साबण कधीच लावू देत नसत. साबणाने कापडावरचा मेणाचा थर निघून जातो. वाळलेला चिखल ते मऊ ब्रशने झाडत आणि शिवणींवर मेण घासत.

आता मी त्याच शाळेत शिकवतो. एका तंबूचे कापड उन्हाने विरले. त्याची ठिगळे बाकीच्या तिघांवर आहेत. काल मुलांनी शिबिरासाठी मेखा मोजल्या. दोन कमी भरल्या. त्यांचा शोध चालू आहे.