चष्म्याआधी कामाची चौकशी

तालुक्याच्या गावी बाजारपेठेत माझे चष्म्याचे छोटेसे दुकान आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नव्हे. डोळ्यांचा नंबर काढणे, काच घासून फ्रेममध्ये बसवणे, सैल झालेली काडी नीट करून देणे, एवढाच माझा धंदा. काडीचा स्क्रू पिळल्याचे पैसे मी घेत नाही.

गिऱ्हाईक खुर्चीवर बसले की भिंतीवरची अक्षरे दाखवण्याआधी मी विचारतो, "काम काय करता?" पुष्कळांना याचे नवल वाटते. पण चष्मा हेही खुरप्या-विळ्यासारखे अवजारच आहे. ज्या कामाला हवे त्या कामाचे घ्यावे. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे अंधूक दिसते. हा रोग नव्हे, वयाचा धर्म आहे. म्हणूनच तर आपण त्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतो. दूरचाही नंबर असला तर दुहेरी काच मिळते. तिचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्याला ती सोयीची. पण बांधावरून चालणाऱ्याने खाली पाहिले, की त्याच भागातून जमीन अंधूक दिसते आणि पाय पाटात जातो. अशाला मी दोन वेगळे चष्मे सुचवतो.

मागे एक शेतकरी पत्नीसह आले होते. त्यांना चाळिशी लागली. मी म्हटले, "वहिनींचेही डोळे पाहू."

"तिला काय वाचायचंय?" ते म्हणाले.

वहिनी हळूच बोलल्या, "वाचायचं नाही भाऊ, पण भातात खडा लागला की बोलणी मलाच."

तपासले तर त्यांचा नंबर नवऱ्यापेक्षा जास्त निघाला. काचा लावून मी सुई-दोरा हातात दिला. पहिल्याच खेपेला दोरा ओवला गेला. नवऱ्याने मुकाट्याने दोन्ही चष्मे सांगितले. थोडी बाकी ठेवली, ती सोयाबीन विकल्यावर आणून दिली.

धान्य निवडणे, शिवणटिपण, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, बचत गटाची वही ही सगळी बारीक नजरेचीच कामे. तरीही पुष्कळ घरांत चष्मा शेवटी येतो तो बाईलाच.

काही गिऱ्हाइकांना मात्र मी चष्मा देतच नाही. माझ्याकडे मधोमध बारीक भोक असलेली एक काळी चकती आहे. त्या भोकातून स्पष्ट दिसले तर बहुधा चष्म्याने काम भागते. तरीही धूसरच राहिले तर दुखणे वेगळे असण्याचा संभव असतो, आणि मी नेत्रतज्ज्ञाकडे चिठ्ठी देतो. मोतीबिंदू असेल तर तो 'पिकण्याची' वाट पाहण्याचे दिवस गेले. सरकारी रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया मोफत होते. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही, म्हणून तिथे दिरंगाई नको. त्या दिवशी माझ्या गल्ल्यात काही पडत नाही. पण ज्या चष्म्याने दिसणार नाही तो गळ्यात मारला, तर लहान गाव ते वर्षानुवर्षे विसरत नाही. शहरातल्या मोठ्या दुकानांपुढे माझ्यासारख्याचे दुकान टिकते ते या विश्वासावरच.

आठवडे बाजारातला तयार चष्मा वाईटच, असेही मी म्हणणार नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर जवळच्या कामाला तो चालतो. पण एकदा डोळे तपासून घ्यावेत आणि मगच तो घ्यावा.

तेव्हा मंडळी, या सुगीनंतर एक करा. घरातल्या चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला, आईला आणि सासूबाईंनाही, सुईत दोरा ओवायला सांगा. ज्याचा हात लांब लांब जाईल, त्याला तपासायला घेऊन या. फळ्यावरचे दिसत नाही म्हणणाऱ्या मुलाला तर सुगीपर्यंतही थांबवू नका.