अकारा, गारी आणि समुद्र

अकाऱ्यासाठी चवळी फार वेळ भिजवायची नसते. साल सुटेल आणि दाणा टणक राहील इतपतच. मग दोन्ही तळव्यांत धरून ती चोळायची, वर भरपूर पाणी ओतायचं आणि तरंगून आलेली सालं पाण्याबरोबर सोडून द्यायची. पुन्हा चोळायचं, पुन्हा पाणी. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पळवाट नाही. शेवटी पातेल्यात पांढरेशुभ्र दाणे उरतात, चवळीचा तो काळा डोळा एकावरही दिसत नाही.

नायजेरियातल्या लागोसला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई सकाळी अकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळायला बसत. सगळे त्यांना ‘इया’ म्हणत. तिथल्या योरुबा भाषेत इया म्हणजे आई. वाटलेली चवळी त्या लाकडी पळीने फेटत राहायच्या, पीठ फुलून हलकं होईपर्यंत. बारीक कांदा आणि ‘आटा रोडो’ ही तिथली जहाल, गुबगुबीत मिरची त्यात पडायची. मीठ मात्र अगदी तळायच्या वेळी, कारण आधी घातलं तर पीठ बसतं. मी पळी हातात घेतली की त्या पिठाकडे न बघता माझ्या मनगटाकडे बघायच्या. “थांबू नकोस,” एवढंच म्हणायच्या. आगेगे या उपनगराच्या नावाने ओळखला जाणारा दाट, मऊ पाव चिरायचा, त्यात गरम अकारे दाबायचे आणि कामाला निघायचं, ही लागोसची सकाळ. मुंबईच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

चवळी मुळात आफ्रिकेचीच, हे मला तिथे राहायला लागल्यावर कळलं. आपली बाजरीही तिकडचीच. हजारो वर्षांपूर्वी ही धान्यं आपल्याकडे आली आणि इतकी आपली झाली की त्यांना माहेर विचारायचं कुणाला सुचलं नाही. उत्तर नायजेरियात हौसा बायका बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे ताकासारख्या आंबट दुधात कालवून देतात. त्याला ‘फुरा दा नोनो’ म्हणतात. तो पहिला घोट घेताना मला परकं वाटलं नाही.

अकारा आपला देश सोडून गेला तो मात्र खुशीने नाही. बेनिनच्या आखातावरच्या बंदरांतून योरुबा माणसं जहाजांत कोंबून ब्राझीलला नेली गेली. तिथे त्यांना नवी नावं मिळाली, नवा धर्म मिळाला, मुलं विकली गेली. त्यांची भाषा मुख्यतः पूजेतल्या गाण्यांपुरती उरली. आणि तरीही बाईया प्रांतातल्या साल्वादोर शहरात आज पांढरे घेरदार कपडे घातलेल्या बाया रस्त्यावर चवळीचे वडे पाम तेलात तळतात. त्यांना तिथे ‘आकाराजे’ म्हणतात. सालं तशीच काढतात, पीठ तसंच फेटतात. वारा-वादळाची योरुबा देवी ओया तिथे इयान्सां झाली, पण तिचा अकाऱ्याचा नैवेद्य बदलला नाही. ब्राझील सरकारने 2005 मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली ती नुसत्या वड्याची नव्हे, तर तो करून विकणाऱ्या बायांच्या कामाची. मला हे फार नेमकं वाटतं. घराची आठवण जिभेवर राहते असं आपण म्हणतो. मला वाटतं, ती त्याआधी मनगटात राहते. ज्यांच्याकडून सगळं हिसकावून घेतलं, त्यांच्या हातांची सवय मात्र कुणाला हिसकावता आली नाही.

त्याच समुद्रावरून उलट्या दिशेने कसावा आला. पोर्तुगीजांनी तो ब्राझीलमधून आफ्रिकेत आणला आणि आज जगात सर्वांत जास्त कसावा नायजेरियात पिकतो. आपण एकादशीला साबुदाणा खातो, तोही याच कंदाचा. नायजेरियात त्याची गारी होते. कंद सोलायचा, किसायचा, कीस पोत्यात भरून वर दगड ठेवायचे. दोनतीन दिवस आंबता आंबता पाणी निथळतं आणि त्याबरोबर कंदातलं विषही बरंचसं जातं. मग चाळून पसरट कढईत भाजायचं. उकळत्या पाण्यात घोटली की तिचा ‘एबा’ होतो, रश्शाबरोबर खायचा. पण गारी खरी भेटते ती महिनाअखेरीला, वसतिगृहातल्या विद्यार्थ्याच्या वाडग्यात: गार पाणी, साखर, मूठभर शेंगदाणे. ज्याने ती अशी खाल्ली आहे, तो पुढे कितीही मोठा झाला तरी तिच्याबद्दल हळवेपणानेच बोलतो.

ब्राझीलमधून माणसंही परतली. 1835 मध्ये साल्वादोरला गुलामांचं बंड झालं, ते चिरडलं गेलं, आणि त्यानंतर सुटलेले, हाकललेले कितीतरी जण पुन्हा या किनाऱ्याला लागले. लागोस बेटावर त्यांची वस्ती झाली. त्यांच्या वंशजांच्या घरी गुड फ्रायडेला ‘फ्रेजों’ शिजतो: नारळाच्या दुधात गाळून घोटलेल्या शेंगबिया, सोबत मासे. म्हणजे आजीच्या आजीने गुलामीत शिकलेला पदार्थ, मायदेशी परत आल्यावर घरचा सण झाला.

घरपण असं दुःखातूनही येतं, हे आग्नेय नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या ‘ओक्पोरोको’बद्दल वाचताना अधिकच जाणवलं. हा नॉर्वेचा वाळवलेला कॉड मासा, लाकडासारखा कडक. त्याचा व्यापार आधीपासून होता. पण नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्राच्या 1967 ते 1970 च्या युद्धात नाकेबंदीमुळे इग्बो मुलखात भुकेने माणसं मेली, फार मोठ्या प्रमाणावर लहान मुलं मेली. तेव्हा रात्रीच्या अंधारात उली गावच्या रस्त्यावर तयार केलेल्या धावपट्टीवर मदतीची विमानं उतरत. त्यांत दुधाची भुकटी असायची आणि हा मासा. आज तो इग्बो लग्नाच्या जेवणात असतो. कडू पाल्याच्या रश्शात तो नसला तर यजमानाने हात आखडता घेतला असं पाहुण्यांना वाटतं. भुकेच्या दिवसांतलं अन्न लोक बहुधा टाळतात. यांनी ते पंगतीत मानाने बसवलं. त्यामागचं धैर्य मला शब्दांत नीट पकडता येत नाही.

अडीचशेहून जास्त जमातींच्या या देशाचं एकच असं जेवण नाहीच. जोलोफ भात सगळीकडे असतो आणि त्यावरून घानाशी चाललेलं भांडण प्रसिद्धच आहे. मला त्यापेक्षा दक्षिण लंडनमधल्या पेकहॅमची नायजेरियन दुकानं आठवतात. गारीची पोती उघडी, शेजारी एगुसीच्या बिया, सुकी कोळंबी, कडू पाल्याच्या पुड्या. इजेबूकडचा माणूस चिमूटभर गारी तोंडात टाकून ती पुरेशी आंबट नाही म्हणतो. नायजेरियातल्याच बेनिन शहराकडची बाई म्हणते, गारी पिवळीच हवी, पाम तेलात भाजलेली, पांढरी ती काय गारी? दुकानदार दोघांची बाजू घेतो आणि दोन्ही पोती पुढे सरकवतो.