चौविहार आणि काजवे : भंडारदऱ्याच्या तीरावर एक रात्र

श्रीरामपूरच्या बाजारपेठेत भंडारदऱ्याचे नाव सहलीपेक्षा आवर्तनाच्या निमित्ताने अधिक निघते. धरणात पाणी किती, कालव्याला आवर्तन केव्हा सुटणार, यावर लाभक्षेत्रातला ऊस आणि गहू उभा राहतो, आणि त्या पिकावर दुकानाची उधारी वसूल होते. प्रवरा कालवे येण्यापूर्वी हा मुलूख दुष्काळाच्या छायेतला होता. आज श्रीरामपूर म्हणून जे गजबजलेले गाव दिसते, त्याच्या रेल्वे स्थानकाचे नाव अजूनही बेलापूरच आहे. आडतीच्या गादीवर बसून तीन पिढ्यांनी ज्या पाण्याचा हिशेब ठेवला, ते पाणी जिथे साठते तिथे एक रात्र मुक्काम केलेली कुटुंबे मात्र शोधावी लागतात.

असेच एक कुटुंब गेल्या ज्येष्ठात निघाले. चातुर्मास लागला की दादीजी गाव सोडत नाहीत आणि काजवे तर पावसाच्या तोंडावरच दिसतात, त्यामुळे तारखेबद्दल फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो वाहनाचा. पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाच्या मनात मोटर-कॅरव्हॅन होती : पलंग, शेगडी, न्हाणीघर, सारे चाकांवर. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे, हे त्याने दादाजींना सांगितले. दादाजींनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला, “गाडी उभी केल्यावर वीज कुठून घ्यायची, पाणी कुठून भरायचे आणि सांडपाणी कुठे सोडायचे?” परदेशांतील सरोवरांकाठच्या अनेक तळांवर या तिन्ही जोडण्या गाडीच्या जागेपाशी तयार असतात. जलाशयाकाठी तंबूंची सोय देणाऱ्या दोन-तीन जणांना नातवाने फोन केले. वीज घरातून वायर ओढून मिळेल, पाणी टाकीतून मिळेल, असे उत्तर आले. तिसऱ्या जोडणीबद्दल कोणी नीट सांगेना. जे पाणी पुढे कालव्याने आपल्याच गावाकडे येते, त्याच्या काठी हा प्रश्न अनुत्तरित ठेवणे दादाजींना मान्य नव्हते. अखेर शोषखड्ड्याची पक्की शौचालये असलेला एका शेतकऱ्याचा तंबूतळ ठरला.

संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता चढत जातो आणि उसाच्या जागी भाताची खाचरे दिसू लागतात. उजवीकडे कळसूबाईचे शिखर, 1646 मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच. शेंडी गावाजवळ विल्सन धरण. 1910 मध्ये सुरू झालेले हे दगडी बांधकाम 1926 मध्ये पूर्ण झाले. उंची सुमारे 82 मीटर, साठवण सुमारे 11 टीएमसी. मागचा आर्थर लेक म्हणजे अडवलेली प्रवरा. तिचा उगम रतनगडावर, आणि पायथ्याला रतनवाडीत अमृतेश्वराचे प्राचीन कोरीव मंदिर. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद अशा आदिवासी गावांतून जातो. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. जूनच्या आरंभी पाणी बरेच ओसरलेले असते आणि उघड्या पडलेल्या उतारावर रंगीबेरंगी तंबू उभे राहतात. दुरून ते दृश्य एखाद्या जत्रेसारखे दिसते. जवळ गेल्यावर आवाजही जत्रेचाच येतो.

कुटुंब साडेपाचला पोहोचले. आधी कळवूनही स्वयंपाकात बटाट्याचा रस्सा शिजत होता आणि जेवणाची वेळ नऊची होती. तंबूतळांचा हा सर्वत्रचा रिवाज : सायंकाळी कांदाभजी, मग शेकोटी, मग उशिरा जेवण. सूर्यास्त सातच्या पुढे. नातू रागावून बोलणार तोच दादीजी चुलीपाशी गेल्या. मालकाच्या आईशी त्यांचे काय बोलणे झाले ते कोणी ऐकले नाही, पण सव्वासहाला पानांवर नागलीची भाकरी, कांदा-लसणाविना पिठले आणि वाफाळता इंद्रायणी भात आला. पिण्याचे पाणी दादीजींनी घरून आणलेल्या दुहेरी गाळणीतून गाळले. टाकीतले पाणी जलाशयातूनच उपसलेले, म्हणून गाळणीत उरलेली जिवाणी त्या स्वतः काठापर्यंत उतरून पाण्यात सोडून आल्या. शेजारच्या तंबूतील तरुणांनी कुतूहलाने त्याचे चित्रीकरण केले. सातच्या आत चौविहाराचे पच्चक्खाण झाले.

अंधार पडताच दिव्यांच्या माळा लागल्या, ध्वनिवर्धक सुरू झाला. खरे तर हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर. काजव्यांच्या दिवसांत वनखाते प्रवेश शुल्क घेते, नियम सांगते. पण अवघ्या काही आठवड्यांच्या हंगामात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागली की नियम पाळणे शेवटी येणाऱ्याच्या मनावरच राहते. तंबूंभोवती एकही काजवा नव्हता. दादीजींचे प्रतिक्रमण आटोपल्यावर मालक सर्वांना गावामागच्या झाडांकडे घेऊन गेला. विजेऱ्या बंद ठेवायला त्याने बजावले होते.

पहिली काही मिनिटे काहीच दिसले नाही. मग डोळे अंधाराला सरावले आणि समोरचा हिरडा हळूहळू उजळू लागला. एका फांदीवरची लुकलुक दुसरीवर गेली, शेजारच्या सादड्याने ती उचलली आणि क्षणभराने ते सबंध झाड एका श्वासात उजळले, विझले, पुन्हा उजळले. खालच्या जांभळापर्यंत ती लाट जाई आणि परत येई. लहानगी नात आजोबांचा हात घट्ट धरून उभी होती. कोणीही बोलले नाही. रस्त्यावरून एक गाडी प्रखर दिवे लावून गेली, तेव्हा ते झाड एकदम काळे पडले आणि पुन्हा जुळून यायला बराच वेळ लागला.

हा प्रकाश म्हणजे नराची हाक आणि मादीचा होकार. आजूबाजूला दिवा असला की हाक दिसत नाही, जोडी जमत नाही आणि ओलसर मातीत पडणारी अंडी पडत नाहीत. अळीचे जिणे त्याच मातीत, पालापाचोळ्याखाली जाते, आणि छायाचित्रासाठी झाडाच्या बुंध्यापर्यंत जाणारी पावले नेमकी तिच्यावर पडतात. प्रौढ काजव्याला जेमतेम काही आठवडे मिळतात. अळी गोगलगायी खाऊन वाढते हे कळताच नातीने विचारले, “म्हणजे काजव्याला दोष लागतो का?” नातू हसला. दादीजींनी प्रश्न गंभीरपणे घेतला. “त्याला व्रत घेता येत नाही बेटा, आपल्याला येते.”

रात्रिभोजनत्यागाचे एक कारण घराघरांत सांगितले जाते : दिव्याकडे जीव ओढले जातात आणि अन्नात, ज्योतीत मरतात. शहरातल्या बंद, झगमगत्या भोजनगृहात नव्या पिढीला ते कारण जुने वाटते आणि तसे वाटण्यात तिचा फारसा दोषही नाही. हिरड्याखाली उभे राहिल्यावर ते समजावून सांगण्याची गरज नातवाला पडली नाही. तंबूत परतल्यावर त्याने न सांगता आपल्या ओळीतली माळ काढून टाकली.

मालकाची अडचण दादाजींनी रात्री ओट्यावर बसून ऐकली. भातलावणीपूर्वी बियाण्या-खताचा पैसा याच दिवसांत उभा राहतो. “बाबा, उजेड नसला की गिऱ्हाईक घाबरतं, अन् गाणी नसली की शेजारच्या तळावर जातं.” हे म्हणणे खोटे नव्हते. दादाजींनी कागद मागवला. सूर्यास्तापूर्वी जेवण असेल तर जनित्राचे इंधन किती वाचते, शेकोटीचे सरपण किती, दुसऱ्या पाळीतला स्वयंपाकी लागतो की नाही, असा ताळेबंद त्यांनी मांडला. आठवड्याचे मधले दिवस रिकामे जातात, त्या दिवसांत सायंकाळी सहाचे जेवण आणि साडेसातनंतर अंधार असा तळ चालवावा. श्रीरामपूर, राहाता, संगमनेरच्या घरांना ते सोयीचेच पडेल. मालकाने आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. कागद मात्र घडी करून खिशात ठेवला. शनिवारचे काय, हा त्याचा प्रश्न दादाजींनाही सुटला नाही.

सकाळी नवकारसी करून मंडळी निघाली. राजूरच्या अलीकडे दादाजींचा फोन वाजला. गादीवरून मुनीमजी विचारत होते, “धरणात पाणी किती दिसले?”

दादाजींनी मागे वळून पाहिले. जलाशय केव्हाच डोंगराआड गेला होता.